सतरा नंबरचं झाड

९ मार्च, रविवार

वाढदिवस झाला. अठ्ठेचाळीस पूर्ण. ताई दरवर्षी कापड देते, यंदा कोळी दिला. खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत, बूच घट्ट लावून, वर रुमाल गुंडाळून. "गुडघ्याच्या ऑपरेशनपासून दुकानांत हिंडता येत नाही बाई मला. हे घे. तुला कापडापेक्षा हेच आवडणार, माहीत आहे मला." आवडलं, नाही कशाला म्हणू? पण बाटलीच्या तळाशी औषधाचा चिकटा तसाच, आणि तो बिचारा एका कडेला अंग चोरून बसलेला. मी आधी त्याला बाहेर काढला, मग ताईला पाणी दिलं. त्यावरून नवरा दिवसभर गालातल्या गालात हसत होता.

उड्या मारणारा कोळी आहे. हे जाळं विणून वाट बघत बसत नाहीत, डोळ्यांनी शिकार हेरतात आणि झेप घेतात. साडेचार मिलिमीटर. काळा, पाठीवर तीन पांढरे ठिपके, डोळ्यांखाली शेंदरी पट्टा. मी बशी फिरवली की तोही फिरायचा आणि पुढचे दोन मोठे डोळे माझ्यावर रोखायचा. असं माझ्याकडे कुणी टक लावून बघितल्याला बरीच वर्षं झाली. (ही वही नवऱ्याच्या हाती लागू नये.)

कुठे सापडला विचारलं तर ताई म्हणाली, "झाडीत. आणि कुठे?" झाडी म्हणजे तिच्या घरासमोरची, जुन्या पाणीटाकीच्या आवारातली एकतीस झाडं. बस डेपो वाढवायचा म्हणून ती तोडायची ठरली आहेत, खोडांवर पांढऱ्या रंगाने आकडेही पडलेत. ताईने 'झाडी वाचवा' समिती काढून नगरपालिकेला सळो की पळो करून सोडलं आहे.

१२ मार्च, बुधवार

कोळी स्पिरिटमध्ये घातला. "वाढदिवसाची भेट मारलीस," नवरा म्हणाला. मारल्याशिवाय नीट ओळखता येत नाही. मला ते आवडतं असं नाही, पण बावीस वर्षं हेच करते आहे.

कॉलेजात प्रयोगशाळा सहायक. मुलं पाठीमागे मला जळमटबाई म्हणतात, मला ऐकू येतं. माझी चित्रं पाच जणांच्या शोधनिबंधांत छापून आली, शेवटी बारीक अक्षरात 'आभार' म्हणून. स्वतःच्या नावाचा एक कागद नाही.

दुपारी तास नव्हता तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली घेतला. नराच्या तोंडाशी दोन आखूड हात असतात, टोकाला मुठीसारखे फुगलेले. त्या मुठीची घडण प्रत्येक जातीची निराळी, कुलपागणिक किल्ली तशी. ह्याच्या मुठीतून एक काटा निघतो, दोन वेढे घेतो आणि टोकाशी दुभंगतो. असा काटा मी पाहिलेला नाही. पुस्तकं काढली, सगळी. त्यांतही नाही. चित्र तीनदा काढलं. सरांना पाठवलं आणि घरी येऊन मिठाच्या डब्यात साखर ओतली.

१८ मार्च, मंगळवार

सरांचा फोन. सर म्हणजे मला बघायला शिकवणारा माणूस. निवृत्त होऊन दुसऱ्या गावी राहतात, पण कोळ्यांमध्ये अजूनही त्यांचाच शब्द चालतो.

"बाई, बसल्या आहात का?"

"बसले आहे, सर."

"मग उभ्या राहा. हा नवा आहे."

पुढचं धड ऐकूच आलं नाही. वर्णन मी लिहायचं, नाव माझं पहिलं, त्यांचं दुसरं, एवढं कळलं. प्रयोगशाळेतल्या बेसिनचा नळ सोडून रडून घेतलं. फोन परत कानाला लावला तेव्हा त्यांनी विचारलं, "चिठ्ठीवर काय लिहिलंत?"

बाटलीत कोळ्याबरोबर कागदाचा एक तुकडा टाकायचा असतो, पेन्सिलने लिहिलेला. शाई स्पिरिटमध्ये विरघळते. कुठे सापडला, कधी, कुणी पकडला. तो तुकडा नसेल तर नवा काय न् जुना काय, नुसता मेलेला कोळी. मी ताईच्या शब्दावर 'पाणीटाकीमागची झाडी' लिहिलं होतं. सर म्हणाले, "कोणतं झाड? किती उंचीवर?"

लगेच ताईला फोन केला. आधी बातमी सांगितली. ती गप्प. ताई गप्प बसली की मला वाटतं फोन तुटला. "ऐकते आहेस ना? नवी जात, ताई! जगात कुणी पाहिलेली नाही! कोणत्या झाडावर होता?"

"सतरा," ती म्हणाली. "सतरा नंबर. खांद्याच्या उंचीवर, सालीवर."

म्हातारीची स्मरणशक्ती काय आहे! मी तर सकाळी चष्मा कुठे ठेवला ते विसरते.

२१ मार्च, शुक्रवार

पेपरात आलं! मी ताईशिवाय एका माणसाला सांगितलं नव्हतं. 'जगात कुठेही नसलेला कोळी आपल्या झाडीत.' खाली मी ताईला दिलेलं कोळ्याचं चित्र, उलटं छापलेलं. समितीतल्या कुणीतरी ताईकडून उचलून परस्पर दिलं म्हणे. मी फोनवर आरडाओरडा केला. ताई हळूच म्हणाली, "त्यांना मी फक्त बोलता बोलता सांगितलं गं." ताई हळू बोलते हे मला ह्या आयुष्यात माहीत नव्हतं.

पण आता घोडं मैदानात उतरलं आहे. अकरा एप्रिलला नगरपालिकेत सुनावणी. कोळी झाडीत राहतो हे सिद्ध झालं तर तोडणी थांबेल, नाही तर करवत चालेल. वृक्ष अधिकाऱ्याने मला बोलावलं आहे, पुरावा घेऊन. प्राचार्यांनी आज मला नावाने हाक मारली, तीही चुकीच्या.

२३ मार्च, रविवार

दुसरा कोळी शोधायला सुरुवात केली. पांढरी छत्री उघडून फांदीखाली उलटी धरायची आणि फांदीवर काठीने दोन ठोके द्यायचे. जे असेल ते छत्रीत पडतं. हात उंच केला तर माझी काठी आठ फुटांपर्यंत पोचते. आज चार झाडं. मुंग्या, झाडावरचे ढेकूण, सुरवंट, तीन प्रकारचे कोळी. आपला नाही.

टाकीचा पहारेकरी खुर्ची घेऊन बघत बसला होता. "पाऊस खालून येणार आहे का?" म्हणून विचारत होता.

२९ मार्च, शनिवार

तेरा झाडं झाली. मान आखडली, केसांत कसले कसले किडे. सापडला नाही.

आज सतरा नंबर मुद्दाम केला. तो अगदी खाली आहे, पंपघराच्या पाठीमागे, अठरा पायऱ्या उतरून. फाटकाला कुलूप असतं, पहारेकऱ्याकडून किल्ली घ्यावी लागते. साल बोटभर जागाही न सोडता तपासली. काही नाही. पहारेकऱ्याला म्हटलं, माझी बहीण आली होती तेव्हा तिला इथेच सापडला. तो म्हणाला, "ताईबाई? त्या तर गुडघा झाल्यापासून आत आलेल्याच नाहीत. फाटकाबाहेर भाषण करतात आणि जातात." तो दिवसभर डुलक्या घेतो, त्याला काय कळणार कोण आलं न् गेलं.

तिथूनच ताईकडे गेले, म्हटलं चहा तरी मिळेल. तिने दार अर्धंच उघडलं. "आत नको, रंगकाम काढलंय. सगळं अस्ताव्यस्त आहे." मला कुठे रंगाचा वास आला नाही, पण सुरुवात व्हायची असेल. दारातच पाण्याचा पेला दिला. म्हटलं, एकदा चल ना सतरा नंबरपाशी, नेमकी जागा दाखव. तर म्हणाली, "गुडघ्याने उतरवत नाही गं."

बिचारी. ह्या झाडीपायी गुडघा आणखी बिघडवून घेणार.

४ एप्रिल, शुक्रवार

सर वर्णनावर सही करायला तयार नाहीत.

"तुम्ही स्वतः पकडलेला दुसरा दाखवा, बाई. दुसऱ्याच्या तोंडचं ठिकाण आपण चिठ्ठीवर लिहीत नाही."

"माझी ताई खोटं कशाला बोलेल, सर?"

"खोटं कुठे म्हटलं मी? माणसं विसरतात. आणि आजकाल बाहेरदेशच्या सामानातून, कुंड्यांतून, खोक्यांतून कोळी येतात. आपण ज्याला नवा म्हणतो तो कुठल्या तरी बेटावर गल्लोगल्ली असायचा. झाडीत दुसरा सापडू द्या."

राग आला. मग भीती वाटायला लागली. सात दिवस राहिले. सापडला नाही तर अधिकाऱ्यासमोर काय दाखवू, ताईचा शब्द?

संध्याकाळी ताईला सांगितलं. ती म्हणाली, "मग तूच पकडलास असं लिही ना. कोळ्याला साक्षीला बोलावणार आहेत का?" मी म्हटलं असं लिहीत नसतात. "एकतीस झाडं जातायत आणि तू चिठोरं धरून बस!" मी म्हटलं, ते चिठोरं नाही. मग दोघीही ओरडलो. मी सहा वर्षांची असताना आई गेली. तेव्हापासून माझी वेणी हिने घातली, शाळेची फी हिने भरली, आणि मी हिच्यावर फोन आपटला.

७ एप्रिल, सोमवार

सत्तावीस झाडं झाली. नाही.

जेवताना नवरा म्हणाला, "ताईंच्या घरात शेवटची कधी गेली होतीस?"

"रंग चालू आहे तिच्याकडे."

"दहा दिवस?" हा पाण्याचे मीटर तपासत घरोघर हिंडतो. म्हणाला, "ज्या घरात चोरटा नळ असतो ना, तिथली माणसं दारातच आडवी उभी राहतात. या, बसा, पण मीटर बाहेरूनच बघा."

माझ्या बहिणीबद्दल बोलायचं काम नाही म्हटलं. ताट उचलून उठले. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. हा माणूस वर्षातून तीन वाक्यं बोलतो आणि त्यातली दोन माझी झोप घालवतात.

९ एप्रिल, बुधवार

काल उरलेली चार झाडं केली. एकतीस पूर्ण. एकही नाही.

आज ताई व्यायामासाठी दवाखान्यात जाते ती वेळ बघून तिच्या घरी गेले. माझ्याकडे जादा किल्ली असतेच. नवऱ्याला खोटं पाडायचं, एवढंच मनात होतं.

रंग नाही, डबा नाही, ब्रश नाही. स्वयंपाकघरात ओट्यावरच्या खिडकीत, चौकटीच्या कोपऱ्यात पांढऱ्या रेशमाची पुरचुंडी. त्यातून एक मादी तोंड काढून बसलेली. भुरकट, पाठीवर तीन ठिपके. खाली फरशीवर नर. शेंदरी पट्टा. माझ्याकडे वळून बघायला लागला. मोजले, पाच होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. मादी बाटलीत घेतली आणि स्टुलावर बसून राहिले.

ताई आली. बाटली बघितली. "बहिणीच्या घरात चोरासारखी शिरलीस?"

"सतरा नंबर, ताई? खांद्याच्या उंचीवर?"

ती काठी टेकून खुर्चीत बसली. मग म्हणाली, "वाढदिवसाला स्वयंपाकघरातला कोळी देते म्हणायची लाज वाटली गं. म्हणशील, ताई आता घरही झाडत नाही. म्हणून झाडीत म्हटलं. सहज. तो एवढा मोठा निघेल हे मला काय ठाऊक? मग तू विचारलंस कोणतं झाड, तोंडात आला तो आकडा सांगितला. मग पेपरात आलं. मग कसं मागे घेऊ, तूच सांग."

"पंधरा दिवस मी काठ्या आपटत हिंडले!"

"मला वाटलं सापडेल तुला. आहेत गं ते झाडीतलेच! फेब्रुवारीत वायरवाल्यांनी रस्त्याच्या तारांवर आलेली शेंड्याची फांदी तोडली आणि इथे खिडकीखाली टाकली. त्याच्यानंतरच दिसायला लागले. चाळीस पावलं आहे झाडी इथून. चाळीस!"

"आणि ते कपाट?" जानेवारीत तिने नवं कपाट घेतलं, बाहेरदेशचं, लाकडी खोक्यातून आलेलं. खोक्याच्या फळ्या अजून ओट्याखाली आहेत. सर म्हणाले होते ते हेच.

"कपाटाचा काय संबंध?"

"पुरे, ताई. आता एक शब्द नको."

ती रडली नाही. मीच रडले, रस्त्यात, भर दुपारी. आता तिने सूर्य पूर्वेला उगवतो म्हटलं तरी मी विश्वास ठेवायची नाही.

१० एप्रिल, गुरुवार

रजा घेतली. टेबलावर मादीची बाटली. दोन चिठ्ठ्या लिहून बघितल्या. एकीवर 'घर, स्वयंपाकघराची खिडकी'. दुसरीवर 'झाडी, झाड क्र. १७, खोडाच्या सालीवर'. खोटी चिठ्ठी लिहिताना हात कापेल असं वाटलं होतं. अजिबात कापला नाही. दोन्ही सारख्याच दिसतात, खोटीचं अक्षर जरा बरंच आलं आहे.

खोटी टाकली तर सर सही करतील, मी पकडलेला म्हणून. झाडी राहील. माझं नाव छापून येईल. ताई माझी राहील. चार गोष्टी, आणि बदल्यात एक तुकडा कागद. कुणाला कळणार आहे?

उद्या कुणी खरंच त्या चिठ्ठीच्या भरवशावर शोधायला गेलं तर? माझ्यासारखीच एखादी, छत्री घेऊन?

सरांचा दोनदा फोन आला, उचलला नाही. खरी चिठ्ठी बाटलीत टाकली. काढली. परत टाकली.

११ एप्रिल, शुक्रवार

सभागृह गच्च भरलं होतं. समितीच्या लोकांनी कागदी कोळी कापून छातीला लावले होते. ताई पहिल्या रांगेत, पाय लांब करून. माझ्याकडे बघत नव्हती.

अधिकारी तसा सभ्य माणूस. "बाई, हा प्राणी तुम्ही झाडीत पाहिलात?"

"नाही."

मागे कुजबुज. "मग कुठे?"

"घरात. स्वयंपाकघरात."

एवढं मोठ्याने हसले लोक, की माझे कान गरम झाले. "कुणाच्या?" त्याने विचारलं. मी तोंड मिटलं. ते मी सांगणार नव्हते, काही झालं तरी.

ताई काठीवर जोर देऊन उठली. "माझ्या," म्हणाली. "झाडीतला म्हणून मीच सांगितलं होतं. हिला काही माहीत नव्हतं." आणि बसली. शेजारचा समितीवाला तिच्यापासून एक खुर्ची सोडून बसला, ते मी बघितलं.

"झाडीतली सगळी झाडं पाहिलीत?" अधिकाऱ्याने विचारलं.

"एकूण एक. माझी काठी पोचते तिथवर."

त्याने 'एकूण एक' लिहून घेतलं आणि फाईल मिटली.

बाहेर एकाने छातीवरचा कागदी कोळी काढून माझ्या पायाशी टाकला. ताई गाडीत बसून निघून गेली. मी बरोबर केलं. मला माहीत आहे मी बरोबर केलं. मग ताट तसंच झाकून का ठेवलं?

१६ एप्रिल, बुधवार

ताई फोन उचलत नाही. दार वाजवलं, उघडलं नाही. आत रेडिओ चालू होता.

सर म्हणाले, "शाबास, बाई." मला त्या शाबासकीचा वीट आला.

२२ एप्रिल, मंगळवार

आज तोडणी सुरू झाली.

करवतीचा आवाज कॉलेजपर्यंत येत होता. अकराच्या सुमाराला निघाले. जाऊन काय करणार होते, देव जाणे. छत्री मात्र घेतली, महिनाभराची सवय.

नऊ झाडं आडवी झाली होती. ज्यांची मान मोडेपर्यंत वर बघायचे ते शेंडे आता माझ्या कमरेएवढे, जमिनीवर पसरलेले. चार नंबरच्या शेंड्याखाली छत्री धरली आणि दोन ठोके दिले.

तीन पडले. काळे, तीन ठिपके, शेंदरी पट्टा. छत्रीच्या पांढऱ्या कापडावर तिघेही वळून माझ्याकडे बघायला लागले. पुढच्या डहाळीला पाच. त्यापुढच्या शेंड्यात मोजायचं सोडून दिलं. पानांच्या गुंडाळ्या करून, रेशमाने शिवून, शेकड्यांनी राहत होते. वर. चाळीस फुटांवर, जिथे माझी काठी सात जन्मांत पोचली नसती.

शेंड्याची फांदी. ताईने सांगितलं होतं, शेंड्याची फांदी खिडकीखाली टाकली म्हणून. मी ते ह्या वहीत लिहूनसुद्धा ठेवलं, आणि एका खोट्यापायी तिचं खरं ऐकलं नाही.

मुकादमाकडे धावले, छत्री तशीच हातात. "थांबवा! इथे आहेत, हे बघा!" तो म्हणाला, "बाई, सुनावणीत तुम्हीच ना म्हणालात की नाहीत?" आणि दहाव्या झाडाला दोर बांधायला सांगितला. "साहेबांचा कागद आणा, लगेच थांबवतो."

ताईला फोन केला. उचलला नाही. परत केला. परत. सहाव्यांदा तिने उचलला आणि मी काही नीट बोलूच शकले नाही, नुसतं "वर होते, ताई, वर होते" म्हणत होते.

चाळीस पावलं यायला तिला वीस मिनिटं लागली. दहावं झाड पायऱ्यांच्या खाली. ती पहिल्या पायरीवर बसली आणि बसत बसत, एकेक पायरी, लहान पोरासारखी सरकत खाली आली. पहारेकरी खुर्ची घेऊन पुढे पळाला. तिने ती खोडाला टेकवून मांडायला लावली आणि बसली. करवतवाल्याला म्हणाली, "चालू दे तुझं." त्याने यंत्र बंद केलं.

मग माझ्याकडे वळली. "बघ! मी सांगत होते."

"सांगत नव्हतीस, ठोकून देत होतीस!" मी ओरडले. मुकादम दोघींकडे आळीपाळीने बघत होता.

"भांड नंतर," ताई म्हणाली. "आधी कागद आण."

छत्रीतले कोळी बाटलीत घालून नगरपालिकेत पळाले. अधिकारी जेवायला गेला होता. तो येईपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून चिठ्ठी लिहिली. आज हात कापत होता. त्याने भिंगातून बघितलं, चिठ्ठी वाचली, माझ्याकडे बघितलं. "पण तुम्ही तर म्हणाला होतात, एकूण एक झाड पाहिलं."

"काठी पोचते तिथवर, असंही म्हटलं होतं."

त्याला आठवत नव्हतं. पण त्याने काम थांबवायचा कागद दिला.

२५ एप्रिल, शुक्रवार

झाडी बघायला दुसऱ्या गावाहून तीन तज्ज्ञ येणार, शिडीची गाडी घेऊन. तोवर कुणी झाडाला हात लावायचा नाही. बावीस उभी आहेत. पेपरात आमचा दोघींचा फोटो आला, 'बहिणींनी झाडी वाचवली' म्हणून. नऊ झाडांबद्दल आत, चौथ्या पानावर.

सगळे अभिनंदन करतायत. मी प्रयोगशाळेचं दार आतून लावून घेतलं.

१७ जून, मंगळवार

वर्णनाचा खर्डा सरांनी तपासून परत पाठवला. ताईच्या स्वयंपाकघरातला पहिला नर हाच जातीचा मूळ नमुना, त्यामुळे जगभरात ह्या जातीचं पहिलं ठिकाण म्हणून तिच्या ओट्यावरची खिडकी नोंदली जाणार. आमच्यात पकडणाऱ्याचं नाव जातीला द्यायची पद्धत आहे. दिलं.

सरांनी एकाच जागी खाडाखोड केली होती. मी लिहिलं होतं, 'इतर नमुने: झाडी, तोडलेल्या झाडाचा शेंडा, जमिनीवर.' त्यांनी 'तोडलेल्या' आणि 'जमिनीवर' काढून टाकलं होतं. फोन केला.

"झाड ते झाड, बाई. वाचणाऱ्याला काय करायचंय ते उभं होतं की आडवं? स्वतःला किती दिवस असं टोचत राहणार?"

"टोचत नाही, सर. तो उभ्या झाडावर मला सापडला नव्हता."

सरांनी माझं वाक्य एकदा मोठ्याने म्हणून बघितलं. मग म्हणाले, "राहू द्या तसंच."

संध्याकाळी खर्डा घेऊन ताईकडे गेले. आता दार पूर्ण उघडते. चष्मा लावून तिने शब्दन् शब्द वाचला, कळत नव्हता तोही.

"म्हणजे माझ्या खिडकीत जळमटं होती हे आता साऱ्या जगाला कळणार."

"हो."

"बरं." मग तिने त्या ओळीवर बोट ठेवलं. "ही तोडलेली झाडं म्हणजे ती नऊ?"

"हो."

"कुणामुळे पडली ते लिहिलं नाहीस?"

"तेवढी जागा नसते, ताई."

तिने चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. ओळ पुन्हा एकदा वाचली.

"दोघींमुळे," ती म्हणाली, आणि कागद माझ्या हातात दिला.